एक्केचाळिसावा निकाल

प्रधान जिल्हा न्यायाधीश प्रताप शिरसाट यांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला आणि चष्मा काढून पुसायला घेतला. कुणाला नकोशी गोष्ट सांगायची असली की ते आधी चष्मा पुसत, हे हर्षदा टेंभुर्णेला आता ठाऊक झालं होतं.

"तीनशे चाळीस निकाल, त्यात चाळीस विचलनं," ते म्हणाले. "अकरा पूर्णांक शहात्तर टक्के. बाराची रेघ ओलांडली की वर्ग क. आणि वर्ग क म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको."

सांगायला नकोच होतं. हर्षदाला ऑगस्टमध्ये पन्नास वर्षं पूर्ण होत होती. पन्नाशीला आणि पुन्हा पंचावन्नला प्रत्येक न्यायाधीशाची फाईल वर जायची. वर्ग अ असला तर बढती, ब असला तर आहे तिथे पुढे चालू, क असला तर सक्तीची निवृत्ती. तीस जूनपर्यंतचे निकाल धरले जाणार होते आणि आज एप्रिलची अठरा तारीख होती.

"तीस जूनच्या आत निकालाला येईल अशी लढवलेली प्रकरणं तुमच्याकडे किती आहेत?" शिरसाटांनी विचारलं.

"एकच सर. बक्षीसपत्राचं. बाकीची अजून पुराव्यातच अडकलीत."

"मग एकच सांभाळा," शिरसाट म्हणाले आणि चष्मा डोळ्यांवर चढवला. "मध्यकौलाच्या जवळ राहा. माणूस म्हणून तुम्ही चांगल्या आहात. पण फाईलमध्ये माणूस जात नाही, आकडा जातो."

आपल्या तालुक्याला, कासारखेडला, परतताना गाडीत हर्षदा तो कागद पुन्हा पुन्हा बघत राहिली. गंमत अशी, की सहा वर्षांपूर्वी 'समतोल' ही प्रणाली राज्यात आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिलाच झाला होता. त्याआधी न्यायाधीशाचं भवितव्य वरिष्ठांनी लिहिलेल्या गोपनीय अहवालावर ठरायचं. हर्षदाच्या एका अहवालात 'स्वभाव मनमिळाऊ नाही' एवढंच लिहिलं होतं आणि त्या तीन शब्दांपायी तिची बढती तीन वर्षं अडली होती. निवडीच्या मुलाखतीत तर एका सदस्याने तिला कायद्याचं काहीच न विचारता आडनावाचं गाव विचारलं होतं. यंत्र आडनाव विचारत नव्हतं.

समतोलची कल्पना तशी सरळ होती. न्यायाधीशाने आजवर दिलेले सगळे निकाल यंत्राला वाचायला दिले, की तो कोणत्या पुराव्याला किती वजन देतो हे यंत्र शिकायचं. दस्त आणि तोंडी साक्ष यांत तो कुठे झुकतो, विसंगती दिसली तर किती सोडून देतो, संशय कुणाच्या पारड्यात टाकतो. या शिकलेल्या प्रतिरूपाला 'छाया' म्हणत. राज्यातल्या एकोणीसशे न्यायाधीशांच्या एकोणीसशे छाया होत्या. एखाद्या दाव्याचा निकाल लागला, की त्याच दाव्याचे कागद सगळ्या छायांपुढे ठेवले जात. बहुतेकींचं जे मत पडे तो मध्यकौल. न्यायाधीशाने दिलेला निकाल एक पंचमांश छायांनीही दिला नसता, तर ते विचलन. लहरी, आळशी किंवा विकला गेलेला न्यायाधीश अशा मोजणीत लपत नसे. पहिल्या दोन वर्षांत असे बरेच घरी गेले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

फक्त एक गोष्ट होती. छायांपुढे ठेवले जात ते कागद दाखल झालेले, म्हणजे पक्षकारांनी आणि त्यांच्या वकिलांनी पुढे आणलेले. न्यायाधीशाने स्वतः साक्षीदाराला प्रश्न विचारून जे काढलं ते, आणि त्यावरून पुढे आलेलं सगळं, वगळलं जाई. त्यालाही कारण होतं. विद्यार्थ्यानेच प्रश्नपत्रिकेत भर घातली तर त्याला गुण कसे द्यायचे? हर्षदाला हे कारण पटलेलं होतं. आपली विचलनं इतकी का, याचा तिने या अंगाने कधी विचारच केला नव्हता. आपण जरा वेगळ्या वळणाच्या आहोत, एवढंच तिने स्वतःला समजावलं होतं.

बक्षीसपत्राचा दावा मे महिन्यात पुराव्याला लागला. वादी गजेंद्र सोनार, बांधकामाचा ठेकेदार. प्रतिवादी त्याची मावशी कौतिकाबाई, वय चौऱ्याहत्तर. बंद पडलेल्या सूतगिरणीच्या मागे तिचं दोन खोल्यांचं घर आणि पुढे अंगण. तिकडून बाह्यवळण रस्ता गेल्यापासून त्या अंगणाला भाव आला होता. कौतिकाबाईने हे घर भाच्याला बक्षीस दिल्याचा नोंदणीकृत दस्त होता. त्यावर तिचा अंगठा, दोन साक्षीदारांच्या सह्या, 'मजकूर वाचून दाखवला, समजला व मान्य केला' असा नोंदणी कार्यालयाचा शेरा. गजेंद्रला घराचा ताबा हवा होता. म्हातारीच्या बाजूने मोफत सहाय्याच्या वकील पूनम गवळी होत्या, हुशार पण नवख्या. त्यांच्या लेखी कैफियतीत 'अंगठा फसवून घेतला' एवढं एकच वाक्य होतं. फसवलं कसं, ते कुठेच नव्हतं.

कौतिकाबाई साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. धुवट नऊवारी, ताठ मान. गजेंद्रचे वकील निरंजन भागडीकर उलटतपासणीला उठले. भागडीकरांना एका जागी उभं राहून बोलता येत नसे. प्रश्न विचारता विचारता ते टेबलाकडे जात, कागद चाळत, परत येत.

"आजी, अंगठा तुमचाच ना?"

"माझाच."

"भाच्याने तुम्हाला मारहाण, दमदाटी काही केली नव्हती ना?"

"नाही. तो पेन्शनच्या कागदाला चल म्हणाला. मी गेले."

भागडीकर टेबलाकडे वळले, दस्त उचलला आणि पाठमोरेच विचारते झाले, "कार्यालयात दस्ताचा मजकूर तुम्हाला वाचून दाखवला होता, बरोबर?"

"हो," कौतिकाबाई म्हणाली.

"आणि तो तुम्हाला समजला होता?"

"हो."

पूनम गवळींनी डोळे मिटून घेतले. लघुलेखकाची बोटं चालली. दाव्यात आता काही उरलं नव्हतं. छाया एकोणीसशे असोत की एकोणीस हजार, या दोन 'हो'वर सगळ्यांचं एकमत झालं असतं.

हर्षदाचं मात्र लक्ष दुसरीकडेच होतं. भागडीकर समोर असले की म्हातारी नेमकं, अगदी मोजकं उत्तर देत होती. ते पाठमोरे झाले की नुसतं 'हो'. आणि त्या 'हो'च्या आधी तिची नजर भागडीकरांच्या पाठीवर एक क्षण गोंधळून फिरत होती.

हर्षदाने समोरची फाईल उचलली, वाचत असल्यासारखी तोंडापुढे धरली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "कौतिकाबाई, तुम्ही आज इथे विमानाने आलात ना?"

"हो," कौतिकाबाई म्हणाली.

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मग ते हसू मधेच थांबलं. भागडीकर कागद हातात धरून तसेच उभे राहिले.

हर्षदाने फाईल खाली ठेवली आणि म्हातारीकडे सरळ बघत हळू विचारलं, "कौतिकाबाई, तुम्हाला ऐकू येतं का?"

म्हातारीने पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरला. चोरी पकडल्यासारखा तिचा चेहरा पडला होता.

"एकतीस वर्षं गिरणीत काढली व माय," ती म्हणाली. "साच्यांच्या खडखडाटात कुणाला काय ऐकू येणार? आम्ही साऱ्या बाया ओठांवरनंच बोलायचो. गिरणी बंद झाली तेव्हा कळलं, की कान पण बंद झालेत. पण ओठ दिसले की मला समजतं सगळं. कुणाला कधी कळू दिलं नाही."

"आणि ओठ दिसले नाहीत तर?"

"मग हो म्हणते. नाही म्हटलं की माणसं पुन्हा विचारतात, चिडतात. हो म्हटलं की निघून जातात."

हर्षदाने ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. मग तिने दाव्यात जादा मुद्दा काढला: दस्ताचा मजकूर प्रतिवादीपर्यंत पोचला होता का? दोन्ही बाजूंना त्यावर पुरावा द्यायची मुभा दिली. सरकारी रुग्णालयाचा अहवाल आला. मोठ्याने मारलेली हाकदेखील कौतिकाबाईच्या दोन्ही कानांत शिरत नव्हती. नोंदणी कार्यालयातला लिपिक साक्षीला आला आणि छातीठोकपणे म्हणाला, की मजकूर आपण मोठ्याने आणि स्पष्ट वाचला.

"त्या दिवशी तुमच्या तोंडावर काही होतं?" हर्षदाने विचारलं.

"मास्क होता मॅडम. तापाची साथ होती तेव्हा. आम्हा सगळ्यांना सक्तीच होती."

भागडीकरांनी त्याची पुन्हा तपासणी घ्यायची परवानगी मागितली. ती मिळाली. त्यांनी पाऊण तास घेतला, पण मास्क काही निघाला नाही.

अकरा जूनला युक्तिवाद संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी शिरसाटांचा फोन आला.

"तुमच्या त्या विमानाची गोष्ट जिल्ह्यात पोचलीय," ते म्हणाले. "कायद्यात तुमचं चुकलंय असं मी म्हणणार नाही. पण हिशेब करा. एक्केचाळीस विचलनं, तीनशे एक्केचाळीस निकाल. बारा पूर्णांक शून्य दोन."

"केलाय सर हिशेब."

"मग निकाल दहा जुलैला द्या. कायद्याने तुम्हाला तेवढी सवड आहे. घर तोवर कुणी पाडत नाही, मनाई हुकूम आहेच. म्हातारीचं काही जात नाही आणि तुमची दहा वर्षं वाचतात."

हर्षदाने कामकाजाच्या नोंदींचा रोजनामा पुढे ओढला. शिरसाटांचं बोलणं खोटं नव्हतं. इतकं साधं होतं, की त्यात वाईट काय ते तिला पटकन सांगता येईना.

"सर," ती अखेर म्हणाली, "माझ्या मनात निकाल झालाय. आता तारीख दिली तर ती माझ्यासाठी दिलेली तारीख होईल. रोजनाम्यात कारण काय लिहू?"

"तुम्ही हट्टी आहात," शिरसाट म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

खरी परीक्षा रविवारी होती. हर्षदाची मुलगी मुक्ता पुण्याहून दोन दिवसांसाठी आली होती. पंचवीस वर्षांची, कायद्याची पदवीधर, न्यायाधीशपदाच्या निवड परीक्षेला बसलेली. तिचे वडील ती आठवीत असताना वेगळे झाले, तेव्हापासून या दोघी एकमेकींना धरूनच होत्या. आता परीक्षा म्हणजे तीन दिवसांत साठ काल्पनिक दावे निकाली काढायचे. त्यांवरून उमेदवाराची छाया बनायची आणि ती मधल्या पट्ट्यात पडली तरच मुलाखतीचं बोलावणं. पुण्यातले क्लास या पट्ट्यात बसायला शिकवत. मुक्ताची छाया पट्ट्यात बसली होती. ऑगस्टमध्ये तिची मुलाखत होती.

"आई, पुढे ढकल ना," भाजी निवडता निवडता मुक्ता म्हणाली. "फक्त दहा दिवस."

"तू न्यायाधीश असतीस तर ढकलला असतास?"

"हो. आणि मला त्याची लाजही वाटली नसती. तू घरी बसलीस तर पुढच्या चाळीस कौतिकाबाईंना कोण विचारणार?"

हा प्रश्न शिरसाटांच्या हिशेबापेक्षा जड होता. हर्षदाने हातातली मेथीची जुडी खाली ठेवली.

"पुढच्या चाळिसांसाठी या एकीला थांबवायचं," ती सावकाश म्हणाली, "हे एकदा जमलं की पुढच्या वेळी दहा दिवसांवर भागणार नाही मुक्ता. मी ओळखते ना मला. मी भित्री आहे. म्हणूनच मला पहिलीच पायरी उतरायची नाहीये."

मुक्ता चिडून उठून गेली. रात्रीची गाडी होती, ती तिने दुपारचीच पकडली.

सव्वीस जूनला हर्षदाने भरल्या न्यायालयात निकाल वाचला. निरक्षर, वृद्ध बाईकडून बक्षीसपत्र घेणाऱ्यानेच तिला ते समजलं होतं हे सिद्ध करायचं असतं. वादीला ते जमलं नाही. दावा खर्चासह फेटाळण्यात येतो. वाचताना तिने मान वर ठेवली होती आणि तोंड कौतिकाबाईकडे. म्हातारीने शेवटचं वाक्य ओठांवरून टिपलं आणि पदर तोंडाला लावला.

नऊ जुलैला मूल्यांकन मंडळाचं पत्र आलं. वर्ग क. सेवा एकतीस ऑगस्टपासून समाप्त करण्याचा प्रस्ताव, म्हणणं मांडायला एक महिना.

पत्र वाचून हर्षदाने आधी चहा केला. मग शिरस्तेदाराला सांगून चाळीस जुन्या प्रकरणांची यादी काढून घेतली आणि एकेक निकाल वाचायला बसली. स्वतःचंच लिखाण परक्यासारखं वाचणं अवघड असतं. सातव्या-आठव्या निकालाशी ती थबकली. पेन्सिल घेऊन मागे गेली, पुन्हा पहिल्यापासून खुणा करत आली. बहुतेक ठिकाणी निकाल ज्या गोष्टीवर फिरला होता ती गोष्ट कुणा वकिलाने आणलेली नव्हती. तिच्या प्रश्नाला साक्षीदाराने दिलेलं ते उत्तर होतं. आणि छायांनी ते उत्तर वाचलंच नव्हतं.

तिने मुक्ताला फोन लावला. भांडणानंतर पहिल्यांदाच.

"तुमच्या क्लासला मंडळाने ते सराव-यंत्र दिलंय ना, शंभर बिननावी छायांचं? त्यात प्रश्नोत्तरं घालून कुणाकडून तरी ही एक्केचाळीस प्रकरणं चालवून घेता येतील का? तू नको. तुझ्या मुलाखतीला धोका होईल."

मुक्ता शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप घेऊन दारात उभी होती.

दोन आठवडे, शनिवार-रविवार, दोघी जेवणाच्या टेबलाशी बसल्या. हर्षदा नोंदी वाचून दाखवी, मुक्ता कागद यंत्राला देई. आधी दाखल कागद, मग तेच कागद प्रश्नोत्तरांसकट. पहिल्याच प्रकरणात शंभरातल्या अकरा छाया हर्षदाच्या बाजूने होत्या. प्रश्नोत्तरं घातल्यावर सत्त्याऐंशी झाल्या. मुक्ताने ओरडून टेबलावर थाप मारली. कौतिकाबाईच्या दाव्यात चारच्या ब्याण्णव झाल्या. सगळं संपलं तेव्हा एक्केचाळिसांतली बत्तीस विचलनं पुसली गेली होती.

नऊ उरली होती.

त्या नवांतलं एक हर्षदाने बाजूला काढलं. बबन काळसेकर, घड्याळं दुरुस्त करणारा, बसस्थानकाजवळच्या टपरीचा भाडेकरू. चार वर्षांपूर्वी तिने त्याला टपरी खाली करायला लावली होती. मालकाची गरज खरी आहे असं तेव्हा तिला वाटलं होतं. आता वाचताना तिला स्पष्ट दिसलं, की मालकाच्या साक्षीतल्या तारखा एकमेकींशी जुळत नव्हत्या आणि तिने त्या नजरेआड केल्या होत्या. त्या आठवड्यात तिला ताप होता, हे तिला आठवलं. बबनने अपील केलं नव्हतं. टपरीच्या जागी आता मोबाईलचं दुकान होतं.

"हे दाखवायलाच हवं का?" मुक्ताने विचारलं.

"सगळी नऊ दाखवायची."

"मग शपथपत्र माझ्या नावाने कर. चाचणी मी घेतली."

"मुक्ता, ते यंत्र फक्त सरावासाठी आहे. नियमात लिहिलंय. तुला काढून टाकतील."

"पुरावा कुणी तयार केला हे लपवलं तर त्याची किंमत शून्य. हे मला कुणी शिकवलं?" मुक्ताने कागद ओढून घेतला आणि सही केली.

मंडळापुढची सुनावणी बारा ऑगस्टला मुंबईत झाली. तीन सदस्य. अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती अनुराधा वर्तक, एक सचिव आणि समतोल घडवणाऱ्यांपैकी एक, डॉ. इम्तियाज काझी. काझींनी हर्षदाचे कागद रेघा मारून मारून वाचलेले दिसत होते.

"प्रश्नोत्तरं आम्ही मुद्दाम वगळली होती," ते म्हणाले. चिडून नाही, खरोखर समजून घ्यायचं असल्यासारखं. "न्यायाधीश प्रश्न विचारून आपल्याला हवं तेच नोंदीत आणू शकतो. मग छाया त्याच्याशी सहमत होणारच. तुमचे बत्तीस आकडे कशावरून तसे नाहीत?"

"एवढ्यावरून सांगता येणार नाही," हर्षदा म्हणाली.

सचिवांनी मान वर केली.

"माझी फक्त विचलनं तपासून चालणार नाही," ती पुढे म्हणाली. "तीनशे एक्केचाळीसही प्रकरणं प्रश्नोत्तरांसकट चालवा. मी विचारलेला प्रत्येक प्रश्न बघा. उत्तर कधी एका बाजूला गेलंय, कधी दुसऱ्या, की नेहमी मला हवं तिकडेच? माझ्या प्रश्नानंतर समोरच्या वकिलाला तपासणीची संधी दिली का? तेही मोजता येतं. मोजा."

"त्यात नवी विचलनं निघू शकतात," काझी म्हणाले. "उत्तर मिळूनही तुम्ही त्याच्याकडे दुर्लक्ष केलेली."

"निघतील. निघायलाच हवीत."

आता न्यायमूर्ती वर्तक पुढे झुकल्या. त्यांनी नऊ प्रकरणांचा गठ्ठा पुढे ओढला. "यांच्याबद्दल काय म्हणणं आहे?"

"सहा प्रकरणांत मी आजही तोच निकाल देईन. माझी कारणं निकालपत्रात आहेत, त्यांत मी एकटी पडले असले तरी. तीन प्रकरणांत माझं चुकलं. त्यातली दोन अपिलात दुरुस्त झाली. तिसरं बबन काळसेकरांचं. त्यांनी अपील केलं नाही. मी त्यांना जाऊन भेटले परवा. चूक माझी होती, हे सांगितलं."

"ते काय म्हणाले?"

"म्हणाले, 'आता सांगून काय उपयोग, बाई.' खरं आहे त्यांचं."

मग वर्तकांनी सचिवांना सांगितलं, की समाप्तीचा प्रस्ताव थांबवावा आणि डॉक्टर काझींनी दोन महिन्यांत संपूर्ण फेरमोजणी करावी. एकट्या टेंभुर्ण्यांची नाही. राज्यातल्या सगळ्यांची.

"नियम सर्वांना एकच हवा," त्या म्हणाल्या. आणि मग मुक्ताच्या शपथपत्रावर बोट ठेवून, "म्हणून हाही नियम लागू होईल. मला वाईट वाटतं."

मुक्ताची यंदाची उमेदवारी रद्द झाली. बातमी तिला मुलाखतीच्या चार दिवस आधी कळली. ती कासारखेडला आली, दिवसभर खोलीत पडून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती हर्षदाच्या आधी तयार होऊन बसली होती.

"पूनम गवळींना मदतनीस हवीय म्हणे," ती म्हणाली. "वर्षभर मी मोफत सहाय्याचं काम करते. पुढच्या वर्षी पुन्हा बसेन. पट्ट्यात बसले तर बसले."

"माझ्या न्यायालयात नाही उभी राहायचं," हर्षदा म्हणाली.

"माहीत आहे ग मला. तालुक्यात दुसरी न्यायालयं आहेत."

हर्षदाने तिला जवळ घेतलं. आपल्या निकालाची किंमत आपण एकटीनेच भरू, असं तिने धरलं होतं. तसं झालं नव्हतं, आणि ते तिला आयुष्यभर सलणार होतं. पण मुलीने स्वतःच्या हाताने केलेली सही पुसायचा अधिकार आपल्याला नाही, हेही तिला कळत होतं.

फेरमोजणीला दोनऐवजी चार महिने लागले. हर्षदाची जुनी नऊ विचलनं कायम राहिली, सहा नवी निघाली. पंधरा. साडेचार टक्क्यांच्याही आत. वर्ग ब, सेवा पुढे चालू. त्या सहा नव्यांची यादी तिने मागवून घेतली आणि कपाटात समोरच ठेवली. विचारायला हवा होता तिथे न विचारलेला प्रश्नही काझींनी या वेळी मोजणीत धरला होता. राज्यभरात दोनशेहून अधिक न्यायाधीशांचे वर्ग बदलले. काही वर चढले. काही उतरले, साक्षीदार डोळ्यांसमोर अडखळत असताना जे कधीच काही विचारत नव्हते, केवळ कागदावर निकाल देत होते, असे.

जानेवारीतल्या एका सकाळी, न्यायालय सुरू व्हायच्या आधी, हर्षदाच्या दालनातला फोन वाजला. प्रताप शिरसाट होते.

"अभिनंदन करायचं राहून गेलं होतं," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच मृदू होता. "आणि एक कळवायचं होतं. माझा वर्ग उतरला. 'अ'चा 'ब'."

"सर..."

"नाही, ऐका. रागावून फोन केलेला नाही. होतो रागावलेला, महिनाभर. मग माझी जुनी प्रकरणं काढून बसलो. तेवीस वर्षं, टेंभुर्णे मॅडम. तेवीस वर्षांत मी एकाही साक्षीदाराला स्वतःहून प्रश्न विचारलेला नाही. वकिलांचं काम त्यांनी करावं, आपण वर बसून ऐकावं, हीच शिस्त मला शिकवलेली. मी ती अगदी प्रामाणिकपणे पाळली." ते थांबले. "आज माझ्यापुढे एक पोरगी साक्षीला आहे. एकोणीस वर्षांची. काल दिवसभर तिने मान वर केली नाही. मला वाटतंय, तिला काहीतरी सांगायचं आहे. पण सुरुवात कशी करतात हेच मला माहीत नाही. हसू नका."

हर्षदा हसली नाही. बाहेर पट्टेवाल्याने पहिल्या प्रकरणाचा पुकारा केला. ती उभी राहिली, फोन कानाशी तसाच धरून.

"सर, आधी तिला पाणी हवंय का ते विचारा," ती म्हणाली. "आणि ती पिऊन होईपर्यंत थांबा."

"बरं," शिरसाट म्हणाले. लिहून घेतल्यासारखा थोडा वेळ गेला. "बरं. थांबतो."